अफगाण चर्चचं खरं साल कोणतं, आणि ती नुसती नक्कल आहे का?

बाई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसलो तर तुम्हाला लगेच कळेल. नाशिकच्या शाळेतली नववीची मुलं घेऊन तुम्ही मुंबईला निघालात. कुलाब्याचं अफगाण चर्च दाखवायचं ठरलंय. तयारी करताना तुम्हाला तीन ठिकाणी तीन सालं सापडली: १८४७, १८५८ आणि १८६५. त्यात एक सहकारी म्हणाले, "तिथं काय बघायचंय? इंग्लंडातल्या चर्चची नक्कल ती." तेव्हा साल कोणतं धरायचं आणि नक्कल म्हणायचं की नाही, असे तुमचे दोन मुख्य प्रश्न.

मी नाशिकचाच. जुनी दगडी बांधकामं दुरुस्त करणं हा माझा सत्तावीस वर्षांचा व्यवसाय. वाडे, गोदाकाठची देवळं, जिल्ह्यातली दोन-तीन चर्चं अशी कामं केली. अफगाण चर्चवर काम केलेलं नाही. मुंबईला गेलो की चक्कर मात्र होते, आणि गवंड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला इमारत नुसती बघता येत नाही. डोळा आपोआप सांध्यात जातो.

तुमचे दोन प्रश्न मला एकाच पोटचे वाटतात. इमारत एकाच वेळी, एकाच माणसानं, एकाच कागदावरून बांधली असं आपण मनात धरून चालतो. मग साल एकच हवं आणि मूळ कागद इंग्लंडचा असेल तर इमारत नक्कल. प्रत्यक्षात कागदापासून कळसापर्यंत पोचताना पैसा, दगड, पाऊस आणि कारागीर असे चार जण त्यात हात घालतात.

आधी सालांचं. तिन्ही बरोबर आहेत.

१८३८ ते १८४२ या काळात इंग्रज अफगाणिस्तानात उतरले आणि वाईट रीतीने पोळले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना साडेचार हजारांच्या आसपास फौज आणि बाराएक हजार नोकरचाकर, बायकामुलं बर्फात आणि खिंडींत संपली. त्या युद्धातल्या आणि पाठोपाठच्या सिंधच्या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक म्हणून हे चर्च. त्याचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. 'अफगाण' हे लोकांनी पाडलेलं नाव, आणि तेच टिकलं. डिसेंबर १८४७ मध्ये काम सुरू झालं. ७ जानेवारी १८५८ ला बिशप हार्डिंग यांनी ते उपासनेसाठी विधिपूर्वक अर्पण केलं. देवळाच्या भाषेत सांगायचं तर प्राणप्रतिष्ठा झाली. पण तेव्हा मनोऱ्याचा सुळका झालेलाच नव्हता. तो पुरा झाला १० जून १८६५ ला. खर्च वाढत गेला आणि मदत करणाऱ्यांत कावसजी जहांगीर हे पारशी दानशूर गृहस्थही होते. म्हणजे ख्रिस्ती देवळाच्या कळसाला पारशी पैसा लागला. हे मुलांना जरूर सांगा, मुंबई म्हणजे काय ते एका वाक्यात कळतं.

तेव्हा पाया १८४७, पूजा १८५८ आणि कळस १८६५. फळ्यावर एकच आकडा लिहायचा असेल तर मी १८५८ लिहीन, कारण त्या दिवसापासून ती इमारत जे काम करायला बांधली ते करू लागली. पण तुमचा विषय 'बांधकाम' असेल तर १८६५ आणि 'युद्धाची आठवण' असेल तर १८४७ जास्त योग्य. साल कशासाठी हवंय यावर ते अवलंबून आहे. आणि चौथं एक साल मीच तुमच्या यादीत घालतो: १९०४. मनोऱ्यातल्या आठ मोठ्या घंटा त्या साली इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या टेलर यांच्या ओतशाळेतून आल्या. म्हणजे सुळका पुरा झाल्यावर जवळपास चाळीस वर्षांनी.

सालांच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगला तोंडावर आपटलोय, तेही सांगून टाकतो. एका जुन्या मिशन बंगल्याचं वय काढायचं होतं. छपरावर चढलो, मंगलोरी कौल उलटं केलं, मागे ठसठशीत १८६५. खाली येऊन ऐटीत सांगितलं, बंगला १८६५ चा. तिथले वयस्क विश्वस्त हसायला लागले. १८६५ हे बासेल मिशनच्या मंगळूरच्या कौल कारखान्याच्या स्थापनेचं साल. ते साल छापलेली कौलं पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. शिवाय ते छप्परच मागाहून बदललेलं होतं. तेव्हापासून मी कौलावरून फक्त कौलाचं वय सांगतो, तेही दबकत. जोतं, भिंत, छप्पर, फरशी, घंटा प्रत्येकाची जन्मतारीख वेगळी असते. आपल्या वाड्यांना कुठे एक तारीख आहे?

आता नक्कल. हे चर्च ज्या शैलीतलं म्हणून सांगतात ती गॉथिक. इथे जरा दम धरून वाचा, कारण 'गॉथिक' म्हणजे टोकदार कमान एवढंच डोक्यात असेल तर पुढचं सगळं घसरतं.

टोकदार कमान आपल्याकडे काही इंग्रजांनी आणली नाही. विजापुरात बघा, दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाज्यांना बघा, जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याच्या दिंडीवर बघा. ती सगळी गॉथिक नव्हेत. युरोपात बाराव्या शतकात, पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या चर्चमध्ये ११४० नंतरच्या चार वर्षांत जे घडलं ते असं: टोकदार कमान, छताच्या दगडी फासळ्या आणि भिंतीला बाहेरून दिलेला धिरा, या तीन गोष्टी एकत्र कामाला जुंपल्या. भार फासळ्यांतून खांबांवर, खांबांतून धिऱ्यांवर आणि तिथून जमिनीत. मधली भिंत भारातून मोकळी झाली, म्हणून तिच्या जागी काच बसवता आली. भार जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं जातो, हे गॉथिकचं मर्म. नक्षी त्यावर नंतर चढली.

कमान टोकदार का, याला साधा हिशेब आहे, तुमच्या गणिताच्या शिक्षकांना बरोबर घ्या. अर्धवर्तुळाची कमान असेल तर उंची रुंदीच्या निम्मी, त्यात सूटच नाही. १२ फूट रुंदीला ६ फूट उंची. त्याच रुंदीवर, दोन्ही टोकांना कंपासची सुई ठेवून १२ फुटांच्या त्रिज्येनं दोन कंस काढा. ते साधारण १०.४ फुटांवर भेटतात. कंसाची त्रिज्या बदलली की उंचीही बदलते. त्यामुळे अरुंद आणि रुंद अशा दोन्ही कमानी एकाच उंचीला आणता येतात, आणि कमान जितकी उभी तितका तिचा बाजूला ढकलण्याचा जोर कमी.

कमी म्हणजे शून्य नव्हे. कमान कधी झोपत नाही, असं माझे वडील म्हणायचे. ती सतत दोन्ही बाजूंना रेटत असते. हे मुलांना वर्गात दाखवता येईल. दोन मुलांना समोरासमोर उभं करा, तळहात तळहाताला लावून एकमेकांवर रेलायला सांगा आणि पाय हळूहळू मागे घ्यायला सांगा. ही झाली कमान. थोड्या वेळात पाय सरकायला लागतील. आता प्रत्येकाच्या टाचेमागे आणखी एका मुलाला पाय रोवून उभं करा. हा झाला धिरा. पहिली दोघं आता कितीही वेळ उभी राहतील. (फरशी ओली नको, आणि पायात मोजे नकोत.)

हा रेटा किती खरा असतो ते मी जुन्या नाशकात पाहिलंय. एका वाड्याच्या दरवाज्याची कमान, पिढ्यान् पिढ्या उभी. शेजारचा वाडा पाडून तिथे नवी इमारत व्हायची होती. जेसीबी लागला, शेजारची भिंत गेली आणि पंधरा दिवसांत कमानीच्या चावीच्या, म्हणजे अगदी माथ्यावरच्या मधल्या दगडाशी बोट जाईल एवढी फट पडली. घरमालक म्हणत होते, आमच्या कमानीला कोणी हातसुद्धा लावला नाही. खरंच लावला नव्हता. पण शेजारची भिंत हाच त्या कमानीचा धिरा होता, आणि ते दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं. आम्ही आधी लाकडी टेकू दिले, मग बाहेरून दगडी धिरा बांधला, आणि शेवटी फट भरली. क्रम उलटा केला असता तर भरलेली फट पुन्हा उघडली असती. फ्रान्समध्ये बोव्हे नावाच्या गावी असाच, पण प्रचंड प्रमाणातला धडा मिळाला. तिथल्या चर्चचं छत ४८ मीटरपर्यंत नेलं आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला.

आता अफगाण चर्चकडे या. आत शिरल्यावर मान वर करा. दगडी फासळ्यांचं छत तिथे दिसणार नाही. वर सागवानी छप्पर आहे. म्हणजे वर सांगितलेल्या त्रिकुटातला एक गडी गैरहजर. मग हे गॉथिक की नाही? माझं उत्तर होय, पण पॅरिसच्या कॅथेड्रलच्या घराण्यातलं ते नाही. इंग्लंडच्या गावोगावी तेराव्या शतकात बांधलेली जी साधी चर्चं, त्यांच्या वळणाचं ते आहे. त्या चर्चांनाही बहुधा लाकडीच छप्पर असे. मधला लांब भाग, दोन्ही बाजूंना कमानींच्या रांगेपलीकडच्या पडव्या, पूर्वेला वेदीचा खोल कक्ष आणि घंटांचा मनोरा, असा तो नमुना. १८४० च्या दशकात इंग्लंडातले काही धर्मनिष्ठ अभ्यासक हट्टच धरून बसले होते की चर्च बांधायचं तर त्याच वळणानं, बाकी सगळं पाखंड. अफगाण चर्च हे त्या हट्टाचं हिंदुस्थानातलं अगदी सुरुवातीचं फळ.

म्हणजे तुमचे सहकारी अर्धे बरोबर आहेत. पण गंमत अशी, की तेव्हा इंग्लंडातही ती नक्कलच चालली होती. सहाशे वर्षांपूर्वीची, मुळात फ्रान्सकडून आलेली पद्धत ते स्वतःच्याच देशात पुन्हा उभी करत होते. लंडनची पार्लमेंटची इमारतही त्याच दशकात गॉथिक वळणानं उठत होती. नक्कल म्हणून कुलाब्याला हसायचं तर लंडनलाही हसावं लागेल.

आणि इंग्लंडहून आलेला कागद इथे चाललाच नाही, हे त्यातलं खरं नाट्य. ऑक्सफर्डच्या वास्तुविषयक सोसायटीमार्फत डेरिक नावाच्या वास्तुकाराचा आराखडा आला होता. तो इतका खर्चीक निघाला की बाजूला ठेवावा लागला. मग काम आलं हेन्री कॉनिबिअर यांच्याकडे. हा माणूस शहराचा इंजिनिअर. मुंबईला विहार तलावाचं पाणी आणणाऱ्या योजनेची आखणी केली तीही यांनीच. पाण्याचे नळ आणि धरणं मांडणाऱ्या माणसानं चर्च मांडलं, हे मला फार आवडतं. फरशी आणि आतल्या सजावटीचं काम विल्यम बटरफील्ड या त्या काळच्या नामांकित वास्तुकाराचं. भौमितिक नक्षीच्या त्या फरशा इंग्लंडहून जहाजानं आल्या. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांची रंगीत काच विल्यम वेल्स यांची.

सुळका एवढा उंच का, यालाही इथलंच कारण आहे. मनोरा आणि सुळका मिळून उंची १९८ फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर. सरकारनं जागा दिली ती या अटीवर की बंदरात येणाऱ्या जहाजांना सुळका दिसला पाहिजे. कुलाबा तोवर बेट होतं, १८३८ मध्ये कॉजवे झाला आणि ते मुंबईला जोडलं गेलं. चारी बाजूंना सपाटी आणि समुद्र. खलाशांना खूण हवी होती. तेव्हा तो सुळका जितका स्वर्गाकडे बोट दाखवत होता तितकाच बंदराकडेही.

आता दगड. हा माझा प्रांत, इथे मी थोडा रेंगाळणार.

आपल्या नाशिकच्या मुलांना दगड म्हणजे काळाच, हे लहानपणापासून पाठ. काळाराम मंदिर बघूनच ती वाढतात. पेशवाईत सरदार ओढेकरांनी ते बांधलं तेव्हा रामशेजच्या डोंगरातला काळा दगड आणला. हा दगड चिवट, पाण्याला दाद न देणारा, भाराखाली सहसा न चिरडणारा. पण पाथरवटाला विचारा. टाकीची, म्हणजे छिन्नीची धार तासाभरात जाते. बारीक नक्षी काढायची तर पिढीजात हात आणि सरदाराची थैली दोन्ही लागतात.

अफगाण चर्चच्या भिंतींना बाहेरून कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे, आणि खांब, कमानी, खिडक्यांच्या चौकटी अशा घडीव कामाला पोरबंदरचा दगड. पोरबंदरचा दगड म्हणजे चुनखडी. मऊ, फिक्या रंगाचा, टाकीखाली लोण्यासारखा. गॉथिकला जी धारदार गोलाई आणि खोबण्या लागतात त्या काळ्या दगडात काढायला दुप्पट-तिप्पट वेळ गेला असता. म्हणून अंगाला स्थानिक कठीण दगड आणि नाकाडोळ्याला काठेवाडहून समुद्रमार्गे आलेला मऊ दगड, अशी वाटणी झाली. पुढे मुंबईतल्या मोठमोठ्या इमारतींनी हीच वाट धरली. मुलांना दोन्ही दगड शेजारी कुठे भेटतात ते शोधायला सांगा. नुसतं बघूनही फरक कळतो.

मऊ दगडाची किंमतही मोजावी लागते. त्याच्या पोटात बारीक छिद्रं असतात. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ पाण्याबरोबर आत शिरतं. पाणी सुकलं की मिठाचे खडे धरतात, फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सोडवतात. पावसाळ्यामागून पावसाळा हेच. मुंबईचा पाऊस नाशिकच्या निदान तिप्पट. कोरीव कामाच्या कडा कुठे बोथट झाल्यात आणि ती बाजू पावसाच्या तोंडची आहे का, हे नववीच्या मुलांना स्वतः ताडता येईल. नैर्ऋत्येकडून पाऊस येतो, हे भूगोलात झालेलंच असतं.

सांध्यातल्या मालाबद्दलही दोन शब्द, कारण त्यावर माझा जीव जळतो. त्या काळी इथे सिमेंट वापरात नव्हतं, चुना होता. बैल जुंपलेल्या घाण्यात चुना आणि वाळू मळायची, आपल्याकडे त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणीही घालत. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांवाटे बाहेर पडतं आणि खराब व्हायचंच तर सांधा होतो, दगड वाचतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावातल्या चर्चवर मला बोलावलं. भिंतीला आतून पाझर फुटला होता. आधीच्या कंत्राटदारानं सगळ्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरल्या होत्या, वर सुबक उठावाची रेघही काढली होती. दिसायला झकास. पाण्याची बाहेरची वाट बंद झाली, ते आत वळलं, आणि दगडांच्या कडा सांध्यालगत फुटायला लागल्या. सांधा धडधाकट, दगड जायबंदी. आम्ही दोन हंगाम छिन्नीनं ते सिमेंट काढत होतो, तेही दगडाला धक्का न लावता. मंडळातले एक काका रोज येऊन विचारायचे, "एवढं पक्कं काम तुम्ही फोडताय का?" त्यांना पटायला पुढचा पावसाळा जावा लागला.

आतली मांडणी मुलांना कशी समजवायची, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माझी पद्धत अशी. काळारामपासून सुरुवात करा, कारण ते त्यांना पाठ आहे. सभामंडपात लोक जमतात, गाभाऱ्यात देव. चर्चमध्येही लोकांची लांब जागा आणि तिच्या टोकाला वेदीचा कक्ष. अफगाण चर्चमधला तो कक्ष ५० फूट लांब आणि २७ फूट रुंद आहे. वर्गाच्या खोलीशी ताडून बघा. इथवर साम्य. आता फरक. आपलं शिखर देवाच्या डोक्यावर असतं, तिथला सुळका घंटांच्या डोक्यावर. काळारामाचं तोंड पूर्वेला, म्हणून हात जोडताना आपण पश्चिमेकडे बघतो. चर्चमध्ये वेदीच पूर्वेला, म्हणून तिथे लोक पूर्वेकडे तोंड करून बसतात. सकाळी ऊन वेदीमागच्या रंगीत काचेतून आत येतं. सहल सकाळची ठेवा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

त्याहून चांगलं उदाहरण तर आपल्या पांडवलेण्यातच आहे. जायच्या आधीच्या रविवारी मुलांना अठरा नंबरच्या चैत्यगृहात घेऊन जा. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल भाग आणि तिथे स्तूप, वर कमानदार छत. चर्चचा नकाशा जवळजवळ तोच, आणि तोही चर्चच्या इमारती जगात यायच्या आधीचा. कोणी कोणाकडून उचललं असं नाही, रांगेनं जमून एका टोकाकडे बघायचं म्हटलं की दालन लांबटच होतं. त्या छताला एकेकाळी लाकडाच्या कमानी होत्या, त्या आता गेल्या. त्या गेल्या तरी छत जागचं हललं नाही, कारण सगळा डोंगरच कोरलेला. ती फासळी भार घेत नव्हती, लाकडी बांधकामाची आठवण म्हणून होती. सेंट डेनिसची दगडी फासळी भार घेते. 'ही गोष्ट काढून घेतली तर काय पडेल?' हा एक प्रश्न मुलांना दिला की ती कुठल्याही इमारतीत दिवसभर रमतात.

घंटांसाठीही नाशिकमध्ये दुवा आहे. नारोशंकराची घंटा सगळ्यांना माहीत, घरात कोणी मोठ्यानं बोललं की तिचंच नाव निघतं. ती वसईच्या विजयाची म्हणून सांगतात, १७३९ ला चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाची. तिच्याखाली उभं राहून कुलाब्याच्या आठ घंटांची गोष्ट सांगितली तर बरी ठसेल.

एक गोष्ट मात्र घाईत सोडू नका. चर्चच्या भिंतींवर मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. शिपायांची नाहीत. ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही, अशा अर्थाचा मजकूर तिथेच आहे. त्या मोहिमेत मुंबई फौजेच्या पलटणी होत्या आणि मुंबई फौजेत कोकणातले, देशावरचे शिपाई मोठ्या संख्येनं होते. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आडनावाचा माणूस त्या मृतांत नव्हताच, असं मी तरी छातीठोक म्हणणार नाही. दगड घडवणाऱ्या पाथरवटांचीही नावं कुठे नाहीत, पण त्यांची टाकी तरी दगडावर दिसते.

आणखी एक खटाटोप सुचवतो. सुळक्याची उंची मुलांना मोजायला लावा. एक मीटरची काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, त्याच वेळी सुळक्याच्या टोकाची सावली कुठवर पडते ते बघायचं, मग त्रैराशिक. मात्र सावलीचं अंतर मनोऱ्याच्या मध्यापासून धरावं लागतं, त्याच्या भिंतीपासून नाही. ६० च्या आसपास आकडा आला तर शाबासकी. आवारात झाडं आहेत, सावली मोकळ्या जागेत पडेलच असं नाही. नाही पडली तर दूर उभं राहून कोनमापकानं करा.

'नक्कल' या शब्दाचा शेवटचा निकाल तुम्हाला त्याच दिवशी लावता येईल, तोही फुकटात. तुम्ही पंचवटी एक्सप्रेसनं जाणार असाल तर मुलं उतरणार छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची ही इमारत, १८७८ ते १८८८ या काळात बांधलेली. अफगाण चर्चच्या पायापासून चाळीस वर्षांवर. इथेही टोकदार कमानी आहेत. पण मध्ये घुमट आहे, आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरलेले इथले प्राणी, पक्षी, पानं आहेत. कुलाब्याला गॉथिक पाहुणं म्हणून आलं होतं, जरा अवघडून बसलेलं. बोरीबंदरपर्यंत, म्हणजे या स्टेशनापर्यंत, ते घरचं झालं. जाताना स्टेशन घाईत बघायचं आणि येताना निवांत, असा क्रम ठेवा. आधी पाहुणा बघितला की घरचा ओळखू येतो.

आता व्यवहाराचं. ते चालतं चर्च आहे, संग्रहालय नव्हे, त्यामुळे रविवारची सकाळ टाळा. शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवा. आत दुरुस्ती चालू असेल तर सगळीकडे सोडतीलच असं नाही. आजूबाजूला लष्कराची वस्ती आहे, कॅमेरे कुठे चालतात ते विचारून घ्या. तीस मुलांना एकदम आत नेऊ नका. निम्मी आत काच आणि फरशी बघतील, निम्मी बाहेर धिरे मोजतील, मग अदलाबदल. बाहेरच्यांना सांगा: धिरा दिसला की आतल्या बाजूला त्याच्या नेमकं समोर काय आहे, ते आत गेल्यावर शोधायचं. संध्याकाळची पंचवटी पकडायची तर कुलाब्याहून चारच्या आत निघा, म्हणजे स्टेशनासमोर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वर बघायला अर्धा तास तरी उरेल.